रंजे, ते शब्द मी लिवले होते

तुले लागलेला गोटा लिंबाएवढा होता, रंजे. लिंबाएवढा! एवढ्याशा गोट्यानं मानूस मरते, असं मले कोनी सांगितलं असतं तं मी त्याच्या तोंडावर हसली असती. मी खदानीवर पोचली तवा तू उतानी पडून होती. आवाज लागू नये म्हनून कानावर लावायचे ते तुहे मोठे काळे डबडे तसेच होते, अन् एका बाजूनं रगत मातीत जिरून राह्यलं होतं. गोटा बाजूलेच पडला होता. पोलीस यायच्या आधी मी तो उचलला अन् मुकादमाच्या जीपची काच फोडली. मंग मुकादमाले धरलं. त्याच्या शर्टाच्या गुंड्या माह्या हातात आल्या, गालावर माही नखं उमटली, चार बायाईनं ओढलं तरी मी त्याले सोडत नव्हती. तो बोंबलत होता, "बाई, आमी शिटी वाजवली होती! लाल झेंडा दाखवला होता!" वाजवली असन. जेवनाच्या सुट्टीतला सुरुंग त्यानं अर्धा घंटा आधी उडवला, हे मातर तो सांगत नव्हता. तू खाली वाकून आवाज मोजायच्या मशीनचा आकडा पाहत होती, कानं झाकलेले होते. तुले शिटी ऐकू येईन कशी?

गाव तुले 'कानाची डॉक्टरीन' म्हनायचं अन् तू चिडायची. "मी सुई टोचनारी डॉक्टर नाई वं, मी शिकून राह्यली अजून." अडतीस वर्साची घोडी झाली तरी शिकूनच राह्यली होती! पुन्यात बसून कान अन् बोली यावर संशोधन करनारी, लगनाचं नाव काढलं की भांडी आपटनारी तू एक दिवस मानोऱ्याच्या यष्टीतून दोन बॅगा घेऊन उतरली अन् म्हनली, "ताई, आता माहं काम आपल्याच गावात आहे." मी बावीस वर्सं याच गावची अंगणवाडीची ताई. मले वाटलं, चला, बहीन घरी आली, भाकर थापाले एक हात वाढला. तुले पाहायचं होतं की खदानीच्या सुरुंगानं अन् गिट्टीच्या क्रशरनं गावातल्या लेकराईचे कान जाऊन राह्यले का, अन् कान गेले म्हनून त्याईचं बोलनं अडकून राह्यलं का. भाकर तं तुले शेवटपर्यंत गोल जमली नाई.

पयल्याच दिवशी तू माह्या अंगणवाडीच्या फरशीवर जेवनाचं ताट ठेवलं अन् त्यात पानी ओतलं. लेकरं भोवती जमली. मले वाटलं, जादू दाखवते. दुपारचा सुरुंग उडाला अन् त्या पान्यावर बारीक बारीक वळ्या उठल्या, काठापासून मधात. तू म्हनली, "पाय ताई, आवाज निसता हवेतून नाई येत, जमिनीतून बी येते. अन् मोजमापात दहा वाढले की जोर दहापट होते, दहानं जास्त नाई." मी म्हनली, "मंग आमचे कान काहून नाई फुटले इतक्या वर्सात?" तू म्हनली, "कोन म्हनलं नाई फुटले? तू मोबाईलवर बोलली तं पार अनसिंगच्या यष्टी स्टँडवर ऐकू जाते." तुह्या पाठीत मी एक धपाटा घातला होता, अन् लेकरं टाळ्या पिटत होती. तो धपाटा लाडाचा होता.

पन तू हसता हसता जे बोलायची ते मले टोचायचं. आपल्या गावात बाई क्रशरवर गेली तं लेकरू कोनाजवळ ठेवन? सासू वावरात, नवरा टिप्परवर. मंग लेकरू बी क्रशरवर. टिनाच्या शेडच्या आड्याले लुगड्याची झोळी बांधायची, लेकरू त्यात टाकायचं, अन् बाजूले मशीन दिवसभर गोटे चावत राह्यते. सावली तेवढीच एक. पयले आठ-दहा दिवस लेकरू रडून रडून निळं होते. मंग रडनं बंद होते. सुरुंग उडाला तरी झोपून राह्यते. अन् आमी बाया काय म्हनायचो? "लय गुनाचं लेकरू हो, मशीनकडं ढुंकून बी पाहत नाई." मी म्हनली आहे हे, रंजे. माह्या परीबद्दल, माह्या पोराच्या, गजूच्या लेकीबद्दल, याच तोंडानं म्हनली. अडीच वर्साची ती पोट्टी. तू ऐकलं अन् तुहा चेहरा असा झाला की मले वाटलं, आता ही मारते. "ताई, ते गुनाचं नाई. तिले ऐकू येत नसन." मी ओरडली, "भवाने, लेकरावर असं वंगाळ बोलते का कोनी?" त्या दिवसापासून मी परीले तुह्याजवळ बसू देली नाई. तू तिच्यामागं टाळी वाजवून पाहशीन, अन् ती वळनार नाई, याचं मले भेव होतं.

तरी तुह्या कामाले मी हात लावला, अन् कायले खोटं बोलू, ते दिवस लय गोड गेले. दोन-तीन वर्साचं लेकरू किती शब्द बोलते हे मोजाले तू छापील यादी आनली होती. मी वाचली अन् हसून हसून पोट दुखलं. "आगबोट? अवं, आपल्या नाल्याले धड पानी राह्यत नाई, आगबोट कुठून आनू? अननस? आपल्या गावातलं लेकरू अननस म्हनलं तं मीच भोवळ येऊन पडीन!" तू आधी फुगली, मंग पेन काढला. आपन दोघी ओट्यावर बसून सारी यादी नवी केली. अननस खोडून बोर लिवलं, आगबोट खोडून टिप्पर लिवला. मम, बाऊ, हम्मा, जेजे, बकरी, वांगं, टोपलं. 'मम' म्हंजे पानी का जेवन, यावर आपलं असं भांडन झालं की शेजारची म्हातारी सोडवाले आली. शेवटी तू म्हनली, "ताई, तुह्यासारखं मानूस आमच्या तिथं खुर्चीवर बसलं पाह्यजे." तू सहज बोलली असशीन. मी ते चार दिवस गावभर सांगत फिरली.

अन् तेच काम मी नासवलं.

अंगणवाडीच्या ताईले इचार, रजिस्टर कसं भरतात. लेकराचं वजन कमी लिवलं की वरची बाई येते, मिटिंगीत उभं करते, "ताई, तुमच्याच गावची पोरं सुकलेली काहून?" लेकराची आई बी तोंड फिरवते, जसं काही मीच तिच्या घरावर डाग लावला. बावीस वर्सात माहा हात शिकला. थोडं चढवून लिव. सुकलेल्या लेकराले मी घरची आंडी नेऊन खाऊ घालीन, त्याच्यासाठी डॉक्टरसंगं भांडीन, पन कागदावर कमी लिवनार नाई. याले मी माया समजत होती, रंजे. कोनी खोटं म्हनलं असतं तं त्याचं थोबाड फोडलं असतं.

तुही यादी घेऊन मी निंघाली तं पयलं घर माहंच होतं. सुनेच्या मांडीवर परी होती. "सुषमा, मम म्हनते का ही?" सुषमानं खाली पाह्यलं. "हात दाखवते, आई." मी खूण केली. "बाऊ?" तिनं पदरानं परीचं तोंड पुसलं. मी खूण केली. वाटलं, आज नाई तं उद्या बोलन, दोन महिने आधी लिवलं तं कोनाचं काय गेलं? एकदा आपल्या नातीचं चढवलं की दुसरीच्या लेकराचं कमी कसं लिवू? मंग घरोघरी तेच. हात पसरते, लिव 'मम'. बकरीमागं पळते, लिव 'बकरी'. अकरा लेकरं होती, अकरा बी माह्या पेनानं बोलकी झाली. तू कागद घेतले अन् माहा मुका घेतला होता.

तिकडं आसेगावच्या बाजूच्या गावात, जिथं खदान नाई, तू सोता उंबरे झिजवले. इथं माह्यावर सोडलं, कारन बहीन होती. दोन्ही कडचे आकडे पुन्यात तुले संशोधन शिकवनाऱ्या सरांकडं गेले अन् त्याईचा फोन आला. दोन्ही गावात फरकच नाई. कानात बारीक बोंड घालून कान तपासायची जी मशीन तू मागितली होती, ती आता तुमच्याकडं पाठवता येनार नाई, दुसरीकडं जास्त गरज आहे. तू फोन ठेवला अन् पान्यानं भरलेला लोटा भिंतीवर फेकून मारला. परी तिथंच भुईवर खेळत होती, तिनं मान बी हलवली नाई. मी तिले झटकन उचलून आत नेली, तुह्या ध्यानात येईन म्हनून. त्या घडीले मी सांगितलं असतं तं तू आज असती. सांगितलं नाई.

सांजच्याले तू कागद घेऊन माह्यापुढं उभी राह्यली. "ताई, परी टोपलं म्हनते?"

"म्हनते."

"माह्यापुढं म्हनाले लाव."

"झोपली ती."

"दर डाव झोपलेलीच असते. ताई, खरं सांग, घरोघरी इचारलं होतं का तू?"

मी उठली अन् तुह्या कानाखाली ठेवून देली. अशी देली की माहाच हात झिनझिनला. "मले खोटं म्हनते? आई मेल्यावर तुले या हातानं घास भरवले, अन् मले खोटं म्हनते?" तुह्या गालावर चार बोटं उठली. तू रडली नाई, उलटून बोलली नाई. लहानपनी असतं तं तू माहे केस धरून लोळवलं असतं. एकदा तू मले लाकडी पाट फेकून मारला होता, माह्या नडगीवर अजून खूण आहे. त्या दिवशी तू निसती गाल धरून बसली अन् म्हनली, "मंग माही यादीच चुकली असन. उद्या खदानीवर जाऊन आवाजच मोजीन. जवळून. तो आकडा पाह्यला तं सर मशीन देतीन."

आता मले सांग, तुले कळलं होतं का? माह्या तोंडाकडं पाहून तुले समजलं, अन् तू मले वाचवलं? का खरंच माह्यावर भरोसा ठेवून आपल्या यादीले दोष देला? बारा दिवस मी हेच इचारून राह्यली, चुलीपुढं इचारलं, न्हानीत इचारलं. तुह्या फोटोवर एकदा थुंकली बी, लपवत नाई. राग येते मले तुहा. लोटा भिंतीवर कायले फेकला, माह्या डोस्क्यात काहून नाई घातला? दोन टोले मारून माह्या तोंडातून खरं काढलं असतं तं! मोठी आली बहिनीवर भरोसा ठेवनारी.

दुसऱ्या दिवशी मी अंगणवाडीत खिचडी वाढून राह्यली होती. वरचं टिन थरथरलं. मी घड्याळ पाह्यलं, सुट्टीले अर्धा घंटा होता. "आज लवकरच उडवला वाटते," मी म्हनली, अन् पुढच्या लेकराच्या ताटात खिचडी वाढली. चौघाईले वाढून झाल्यावर कोनीतरी बाहेरून माहं नाव घेऊन ओरडलं.

तुले नेल्यावर पाचव्या दिवशी मुकादम घरी आला. गालावर पट्टी, हातात लिवलेला कागद. त्यावर होतं की बाई सोताच्या चुकीनं झेंड्याच्या आत गेली, घरच्याईची कोनावर तक्रार नाई. माहा गजू, ज्यानं तुह्या चितेले आग देली, तोच म्हनला, "आई, सही करून टाक. मी तिथंच टिप्पर चालवतो, सुषमा तिथंच गिट्टी उचलते. मावशी तं आता येत नाई." माह्या हातात उकळता चहा होता. मी तो मुकादमाच्या कागदावर ओतला, थोडा त्याच्या मांडीवर बी गेला. तो कुथत पळाला. गजूनं भिंतीवर बुक्की मारून हाताचं कातडं सोलून घेतलं, अन् मंग पोट्ट्यासारखा रडला. मी त्याले जवळ घेतलं नाई. मले वाटत होतं, मुकादमाचा कागद खोटा, मंग माहा कोनता खरा आहे? त्यानं एक खोटं लिवून आनलं, मी अकरा लिवले होते.

एक गोष्ट तुले कधी सांगितली नाई, ती आता सांगून टाकते. गजू पोटात होता तवा मी दहावीले बसली. लोकं हसत होते. तू बारा वर्साची शेंबडी, वरच्या वर्गातल्या पोट्टीचं पुस्तक मागून आनायची अन् माह्यापुढं बसून मले बीजगणित शिकवायची. माहं चुकलं की मले चिमटा काढायची, मोठ्या बहिनीले! पोट एवढं मोठं होतं की वही मांडीवर मावत नव्हती, तं तू ती आपल्या डोस्क्यावर धरायची अन् मी त्यावर लिवायची. मी पास झाली म्हनून अंगणवाडीची ताई झाली, म्हनून माह्या हातात पेन आला. ते उपकार मी कधी तोंडानं बोलली नाई. बोलली असती तं तू म्हनली असती, "बस कर वं, नाटकं नको करू."

काल तुही तेरवी झाली. मांडव टाकला, बुंदी केली, सारं गाव जेवाले बसलं. तुहे पुन्याचे सर बी आले. बारीक मानूस आहे, रंजे, चष्म्याआडून डोळे लाल झालेले. माह्याजवळ येऊन म्हनले, "ताई, रंजना हट्टी होती. आकड्यात काहीच नव्हतं, तरी तिला खात्री होती की इथल्या मुलांना ऐकू येत नाही. मी तिला थांबवायला पाहिजे होतं."

मी म्हनली, "सर, आकड्यात नव्हतं कारन आकडे मी खोटे भरले."

ते समजले नाई. मी जोरात म्हनली. पंगतीतले हात थांबले. गजू उठला, म्हनला, "आई, चूप बस." मी चूप बसली नाई. घरात गेली, कनिक मळायची पितळी परात घेतली अन् लोखंडी बत्ता घेतला. परी पंगतीत सुषमाजवळ बसली होती, बुंदीचा एकेक दाना चिमटीत धरून खात. मी तिच्यामागं पाच-सहा हातावर उभी राह्यली. सावली तिच्यावर पडू देली नाई. परात एका हातानं अधांतरी धरली, भुईले टेकू देली नाई, आवाज जमिनीतून जाते ना? गजू धावत आला, माहं मनगट धरलं. "आई, लोकाईपुढं नको!" मी त्याच्या छातीवर खांदा मारून त्याले मागं ढकललं, तो मांडवाच्या खांबावर जाऊन आदळला. अन् मी बत्ता मारला.

सारी पंगत दचकली. कुत्रे भुकले, छतावरची कबुतरं उडाली, एका म्हातारीच्या हातातला पेला पडला. सर दोन पावलं मागं सरले. मी आनखी एक मारला, मंग आनखी एक, परातीले पोचा पडला तरी मारत राह्यली.

परीनं पुढचा दाना उचलला.

सुषमा मोठ्यानं किंचाळली अन् तोंडात पदर कोंबला. मी बत्ता खाली टाकला अन् ओरडली, "ही 'मम' म्हनत नाई. 'बाऊ' म्हनत नाई. टोपलं नाई, बकरी नाई, काहीच नाई. मी लिवलं. तुमच्या बी लेकराईचं मीच लिवलं, तुमी सांगितलं नव्हतं तरी लिवलं. रंजी त्याच्यासाठी खदानीवर गेली. मले जे मारायचं ते मारा!"

मले वाटलं, बाया आता झिंज्या धरतीन. कोनी उठलं नाई. मंग वरल्या आळीतली कमला, जिच्या पोराले मी सात शब्द देले होते, ती उठली. माह्यासमोर आली अन् खरंच एक थापड देली, पुरी ताकद लावून. माहा ओठ फुटला. मंग तिनं आपलं पोट्टं उचलून आनलं, माह्याकडं पाठ करून भुईवर बसवलं, त्याच्या हातात बुंदी देली, अन् भुईवरचा बत्ता उचलून माह्या हातात देला.

"मार, ताई," ती म्हनली.

मी मारला. मंग दुसरी आली लेकरू घेऊन, मंग तिसरी. सर कागद काढून बसले होते, मी त्याईच्या हातातून तो घेतला अन् कमलाच्या हाती परात अन् बत्ता देला. कोनचं वळलं अन् कोनचं वळलं नाई, ते एकेकाच्या नावापुढं लिवलं. वरती परीचं नाव होतं. तिच्यापुढं 'नाई' लिवताना ओठाचं रगत कागदावर पडलं, ते मी पुसलं नाई. खाली सही केली. रंजे, या डाव खरं लिवलं.